दोन डब्यांच्या मधला माणूस

मॅगझिनसाठी मराठीत काहीतरी लिहून दे, असा धोशा आमच्या मराठी विभागाच्या संपादक मैत्रिणीने दोन महिने लावला होता. शेवटी मी हो म्हटलं. आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण मराठी लिहायची वेळ येते ती फक्त आजोबांचे पेन्शनचे अर्ज भरताना. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. कविता मला जमत नाही, प्रेमकथा लिहिली तर हॉस्टेलमध्ये राहणं मुश्कील होईल. म्हणून एका माणसाच्या आयुष्याची गोष्ट सांगते. त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली, तो कधी भारतात आला नाही आणि तो इंजिनीअर तर मुळीच नव्हता. तरीही आमच्या इगतपुरीच्या स्टेशनात दिवसातून कितीतरी वेळा त्याचा हात दिसतो. कसा, ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती थर्ड इयरच्या सेमिनारने. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मला विषय आला हिच. म्हणजे ओढणारं वाहन आणि ओढलं जाणारं वाहन यांच्यामधली जोडणी, आणि ती कशी निवडायची. बाकीच्यांना रोबोट आले, इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि माझ्या वाट्याला लोखंडाचा एक आकडा! मी दोन दिवस तोंड पाडून होते.

मग वाचायला लागले. मुंबई-आग्रा रस्त्यावर कसारा घाटात जे लांबलचक ट्रेलर आपल्यापुढे रांगत असतात, त्यांची जोडणी ज्या पाटीवर असते तिला फिफ्थ व्हील म्हणतात. ते काही गाडीचं पाचवं चाक नाही. घोडागाडीच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी एक आडवं चाक बसवलेलं असे, त्याचं नाव या ग्रीस लावलेल्या खाचेच्या पाटीला चिकटलं. ट्रेलरच्या पोटाखालची जाड किंगपिन त्या खाचेत जाऊन अडकते. अमेरिकेत तर लोक आपल्या पिकअपच्या हौद्यात अशी पाटी बसवून अख्खं चाकांवरचं घर ओढत फिरतात. पण हौदा आखूड असला की पंचाईत होते. गाडी जोरात वळली की ट्रेलरचा पुढचा कोपरा सरळ केबिनच्या मागच्या काचेवर येतो! म्हणून आखूड हौद्यासाठी मागे सरकणारी हिच घ्यावी लागते. ओढणारा कितीही ताकदवान असला तरी दोन्ही बाजूंचं माप जुळलं नाही तर जोडणी फुकट, एवढं माझ्या लक्षात आलं. वजन, किंमत, वळण्याचा कोन असे रकाने पाडून मी एक छान तक्ता केला आणि शनिवारी घरी गेले.

आमचं घर इगतपुरीला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. आजोबा रेल्वेत शंटिंगच्या कामाला होते. त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला. जोडताना माणूस कुठे उभा असतो, ते यात कुठे लिहिलंय?

मला उत्तर देता येईना. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाची आठवण करून दिली. या थोरल्या आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. लहानपणी मला वाटायचं की ती तशीच असतात, म्हातारं झालं की बोटं झिजत असतील. ते तरुणपणी दूरच्या एका यार्डात कामाला होते, कुठल्या ते इथे लिहीत नाही. दोन डबे जोडताना त्यांचा हात मध्ये सापडला, इतकंच आजोबांनी सांगितलं. त्यानंतर आमच्या आजीला एक सवय लागली होती. आजोबा ड्यूटीवरून आले आणि तिने दार उघडलं की ती आधी त्यांचे हात बघायची आणि मग तोंड. आजी गेली तेव्हा मी आठवीत होते. ती हात धुवायला लावण्यासाठी बघते, असंच मी तोपर्यंत समजत होते.

त्या रात्री मी ट्रेलर बाजूला ठेवले आणि रेल्वेच्या जोडणीवर वाचायला बसले. तिथे मला ईलाय हॅमिल्टन जॅनी भेटला.

जॅनीचा जन्म १२ नोव्हेंबर १८३१ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन परगण्यातला. त्याने तरुणपणी न्यूयॉर्क राज्यात जाऊन थोडंफार शिक्षण घेतलं, लग्न केलं, शेतीत लक्ष घातलं. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तो दक्षिणेच्या सैन्यात गेला. हे सैन्य गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांचं होतं. चरित्र लिहायचं म्हणजे ही गोष्टही लिहायला हवी, झाकून चालणार नाही. सैन्यात त्याचं काम रसद पोचवायचं होतं आणि तो मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचला. १८६५ मध्ये त्याची बाजू हरली. हुद्दा गेला आणि हा माजी मेजर अलेक्झांड्रिया गावात एका कापडाच्या दुकानात कारकून म्हणून उभा राहिला. वय चौतिशीच्या आसपास. डिग्री नाही, वर्कशॉप नाही, भांडवलही नाही. आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये त्याला कोणी दारातही उभं केलं नसतं!

त्या काळात अमेरिकेत डबे जोडायची जी पद्धत होती तिला कडी आणि खिळा म्हणूया. प्रत्येक डब्याच्या टोकाला एक पोकळ लोखंडी तोंड असे. एक लांबट कडी अर्धी या डब्याच्या तोंडात आणि अर्धी त्या डब्याच्या तोंडात घालायची आणि वरून दोन्हीकडे खिळा ठोकायचा. कागदावर अगदी सोपं. पण कडी आपोआप समोरच्या तोंडात शिरत नाही, ती खाली लोंबते. म्हणून ब्रेकमन नावाचा कामगार दोन डब्यांच्या मध्ये उभा राहायचा, चालत येणाऱ्या डब्याकडे बघत हाताने कडी उचलून धरायचा आणि ती आत शिरली की क्षणार्धात हात काढून खिळा टाकायचा. क्षण चुकला की बोटं गेली. पाय घसरला की माणूस गेला. पाऊस, बर्फ, रात्रीचा अंधार, सगळ्यात हेच. दक्षिणेकडच्या रेल्वेमार्गांवर हे काम करणाऱ्यांत काळे कामगार पुष्कळ होते. कामावर घेताना उमेदवाराचे हात बघायचे आणि बोटं तुटलेली असतील तर तो अनुभवी समजायचे, असं त्या काळाबद्दल सांगतात.

जॅनीने हे यार्डात कुठे पाहिलं, कितीदा पाहिलं, त्यावर मी तर्क लढवत नाही. पण दुकानातलं काम संपलं की तो लाकडाचे तुकडे घेऊन चाकूने कोरत बसायचा. त्याला असा आकडा हवा होता की दोन डबे एकमेकांवर आले की तो आपला आपण लागेल, आणि सोडवायचा असेल तर माणसाने बाजूला उभं राहून सोडवावा. १८६८ मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं. ती रचना फारशी चालली नाही. त्याने परत लाकूड हातात घेतलं. पाच वर्षांनी, २९ एप्रिल १८७३ रोजी, त्याला दुसरं पेटंट मिळालं. त्याचा नंबर १,३८,४०५. आज मालगाड्यांच्या टोकाला जो कपलर दिसतो त्याचा हा पूर्वज.

तो कसा चालतो हे समजायला ड्रॉइंगची गरज नाही. हा अंक क्षणभर बाकावर ठेवा. उजव्या हाताची चार बोटं एकत्र करून आकड्यासारखी वाकवा. शेजारच्या मैत्रिणीलाही तिच्या उजव्या हाताची तशीच वाकवायला सांगा. आता शेकहँड करायला जावं तसे दोन्ही हात पुढे आणा आणि बोटं एकमेकांत अडकवून ओढा. सुटत नाही ना? जॅनीला कल्पना सुचली ती अशीच, बोटं बोटांत अडकवून, असं सांगतात. त्याच्या कपलरमध्ये ही वाकलेली बोटं म्हणजे बिजागरीवर फिरणारा एक ओतीव तुकडा, त्याला नकल म्हणतात. नकल उघडा ठेवायचा. समोरचा कपलर येऊन आदळला की नकल फिरून मिटतो आणि आतली कळ स्वतःच्या वजनाने खाली पडते. लागलं कुलूप! सोडवायचं असेल तर डब्याच्या बाजूपर्यंत आलेला दांडा उचलायचा, की कळ वर येते आणि नकल मोकळा होतो. आत जायची गरज नाही.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की दोन्ही बाजूंचे कपलर अगदी सारखे असतात. नट-बोल्टसारखं एक नर, एक मादी असं नाही. डबा कुठल्याही टोकाने आणा, जोडणी होणारच. हजारो मालडबे देशभर एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत असतात तेव्हा ही गोष्ट लाखमोलाची ठरते.

आता तुम्हाला वाटेल की एवढा चांगला शोध लागल्यावर कंपन्यांनी तो दुसऱ्या दिवशी बसवला असेल. छे! पेनसिल्व्हेनिया रेलरोड या मोठ्या कंपनीने चाचण्या घेऊन तो प्रवासी डब्यांना बसवायला घेतला. पण मालडब्यांचं काय? ते लाखांनी होते आणि प्रत्येकाला दोन कपलर लागणार होते. शिवाय एका कंपनीने खर्च करून नवीन कपलर बसवला तरी शेजारच्या कंपनीचा डबा जुन्या कडीचाच असणार. त्यातच स्वयंचलित कपलरची हजारो पेटंटं निघाली होती आणि प्रत्येक जण आपलंच घोडं पुढे दामटत होता. कामगाराचं म्हणाल तर त्या वेळची कोर्टं असं धरून चालत की धोक्याचं काम त्याने जाणूनबुजून पत्करलं आहे, तेव्हा नुकसान त्याचं त्याने सोसावं. कपलर महाग होता आणि बोटं स्वस्त होती. हा हिशेब कुठल्याही टेक्स्टबुकात नाही, पण कंपन्या तोच मांडत होत्या.

इथे दुसऱ्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. लोरेन्झो कॉफिन हा आयोवा राज्यातला एक शेतकरी. १८७४ मध्ये त्याने एका ब्रेकमनची बोटं डबे जोडताना जाताना डोळ्यांनी पाहिली. त्या माणसाच्या त्या हाताला दोनच बोटं उरलेली होती, बाकीची आधीच्या अपघातात गेलेली. उरलेली दोन त्या दिवशी गेली. कॉफिनने पुढची जवळजवळ वीस वर्षं याच कामाला दिली. सभा घेतल्या, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, रेल्वे अधिकाऱ्यांच्या बैठकांना बोलावलेलं नसताना जाऊन उभा राहिला. लोक त्याला वेडा समजायचे. जॅनीने लाकूड कोरलं आणि कॉफिनने माणसांची मनं कोरली, असं म्हटलं तर जरा नाटकी होईल, पण खोटं होणार नाही.

शेवटी डबे बनवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने कपलरांच्या चाचण्या घेतल्या आणि १८८७-८८ मध्ये जॅनीच्या रचनेचा आकार सगळ्यांसाठी प्रमाण मानला. पण अट अशी होती की प्रमाण आकार कुणा एकाच्या मालकीचा असून चालणार नाही. तेव्हा कपलरच्या तोंडाच्या आकारावरचा हक्क जॅनीच्या बाजूने सोडून देण्यात आला. आतली कळ कुणी कशीही करा, तोंड मात्र सगळ्यांचं सारखं. माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा दिवस, पेटंट मिळालं त्याहूनही मोठा. आकार स्वतःच्या मुठीत धरून ठेवला असता तर तो हजारोंपैकी एक कपलर होऊन राहिला असता.

पुढे १८८९ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी संसदेपुढे आकडे ठेवले. जून १८८८ ला संपलेल्या एका वर्षात दोन हजारांवर रेल्वे कामगार कामावर मेले आणि वीस हजारांवर जखमी झाले होते. हे सगळे कपलिंगमुळे नव्हते, पण त्यात कपलिंगचा वाटा मोठा होता. २ मार्च १८९३ रोजी, पद सोडायला दोन दिवस उरले असताना, हॅरिसन यांनी सेफ्टी अप्लायन्स कायद्यावर सही केली. आपोआप जोडले जाणारे आणि माणसाला मध्ये न जाता सोडवता येणारे कपलर सक्तीचे झाले. असा कपलर नसलेल्या डब्यापाशी अपघात झाला तर कामगाराने धोका पत्करला होता, ही कंपन्यांची पळवाटही कायद्याने बंद केली. मुदत वाढत वाढत १ ऑगस्ट १९०० वर गेली. त्यानंतर डबे जोडताना होणारे अपघात झपाट्याने कमी झाले.

गंमत बघा. त्या काळी पेटंटची मुदत सतरा वर्षांची असे. म्हणजे १८७३ चं पेटंट १८९० मध्येच संपलं आणि कायदा आला १८९३ मध्ये. देशातल्या प्रत्येक डब्याला त्याच्या आकाराचा कपलर लागायची वेळ आली तेव्हा त्या मूळ कागदाची किंमत शून्य झाली होती. जॅनी १६ जून १९१२ रोजी अलेक्झांड्रियातच वारला, ऐंशी वर्षांचा होऊन. त्याची बोटं शाबूत होती का, हा प्रश्न मला का सुचला कोण जाणे.

पण गोष्ट इथे संपत नाही. कायद्याची मुदत संपून चारच दिवस झाले होते. ५ ऑगस्ट १९०० रोजी यूटा राज्यातल्या प्रोमोन्टरी स्टेशनात जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला इंजिन एका भोजनाच्या डब्याला जोडायला सांगितलं. इंजिनाला जॅनीचा कपलर होता. डब्याला मिलर नावाचा हूक होता, तोही स्वयंचलितच. दोघेही आपापल्या जागी उत्तम, पण एकमेकांशी मात्र आपोआप लागेनात. जॉन्सन मध्ये गेला आणि त्याचा हात चिरडला. तो मनगटाच्या वर कापावा लागला. खालच्या कोर्टांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण दोन्हीकडे स्वयंचलित कपलर होताच ना! सुप्रीम कोर्टाने १९०४ मध्ये तो निकाल फिरवला. दोन वाहनं एकमेकांशी आपोआप जोडली गेली पाहिजेत, नुसता कपलर असून उपयोग नाही, हा त्याचा सारांश. आखूड हौद्याच्या पिकअपपाशी मी जे शिकले होते तेच हे. फरक इतकाच की तिथे काच फुटते, इथे हात गेला.

जपानने हा प्रश्न कसा सोडवला ते वाचून तर मी अवाक झाले. तिथे आधी कडी-स्क्रूचीच पद्धत होती. त्यांनी वर्षानुवर्षं तयारी केली, नवीन कपलर डब्यांखाली बांधून ठेवले आणि १७ जुलै १९२५ या एका दिवसात होन्शू बेटावरचे डबे बदलून टाकले. तीन दिवसांनी क्यूशू बेटावरचे. अर्धे जुने आणि अर्धे नवे असा काळ राहिला तर त्या काळात माणसाला मध्ये जावं लागेल, म्हणून तो काळच ठेवायचा नाही.

आपल्याकडे मात्र तो मधला काळ फार लांबला. इंग्रजांनी आणलेली पद्धत स्क्रू कपलिंगची. दोन्ही बाजूंना गोल बफर, मध्ये हूक आणि जाड स्क्रूची कडी. आजोबांनी ती मला दारातल्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडून करून दाखवली. डबे बफरला बफर लागून उभे राहिले की कंबरेत वाकून बफरखालून आत शिरायचं, जड कडी उचलून समोरच्या हुकात टाकायची, दांडा फिरवून स्क्रू आवळायचा, मग हवेचे पाइप जोडायचे आणि तसंच वाकून बाहेर यायचं. तेवढ्या वेळात इंजिन एक फूटही हललं नाही पाहिजे. ड्रायव्हर दिसत नाही, ड्रायव्हरला आपण दिसत नाही. मध्ये असतो तो फक्त झेंडी दाखवणाऱ्या जोडीदारावरचा विश्वास.

जॅनीच्या जातीचा कपलर आपल्या ब्रॉडगेजवर १९६० च्या आसपास बॉक्स वाघिणींबरोबर आला. रेल्वेतले लोक त्याला सीबीसी म्हणतात. जुन्या डब्यांशीही जमावं म्हणून इंजिनांना दोन्ही सोयी ठेवल्या, नकलही आणि स्क्रूची कडी अडकवायची जागाही. प्रवासी डब्यांना मात्र स्क्रूच राहिला. २००० मध्ये जर्मन बनावटीचे एलएचबी डबे आले तेव्हा कुठे प्रवासी गाड्यांना हा कपलर लागला, आणि जुन्या पद्धतीचे डबे बनवणं चेन्नईच्या कारखान्याने २०१८ मध्ये थांबवलं. एलएचबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत प्रवाशांना धक्के बसायचे, ते कमी करायला आतली धक्का शोषणारी यंत्रणा बदलावी लागली. म्हणजे जॅनीच्या रचनेतही खोट आहेच. नकल आणि नकल यांच्यात थोडी मोकळी जागा राहते, तिचा हिशेब कुणीतरी करावा लागतो.

आता आमच्या घाटाबद्दल. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. जेम्स जॉन बर्कले हा जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य इंजिनीअर, त्याच्या देखरेखीखाली हा मार्ग आखला गेला. गाडी कसाऱ्याला १८६१ मध्ये पोचली आणि घाट चढून इगतपुरीला १८६५ मध्ये. बर्कले १८६२ मध्येच इंग्लंडमध्ये वारला, त्याला ती बघायला मिळाली नाही. चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपण इंजिनीअर आहोत तर गणित करूया. १००० टनांची गाडी धरली तर फक्त चढासाठी १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टनांची ओढ लागते, घर्षण वेगळंच. पुढच्या एकट्या इंजिनाने ओढायचं ठरवलं तर ही सगळी ओढ पहिल्या कपलिंगवर येणार. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे दोन-तीन इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ते मागून ढकलतात, त्यामुळे पुढच्या कपलिंगवरचा ताण वाटला जातो. इगतपुरीला आले की बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली जातात.

तुम्ही मुंबईहून नाशिकला येताना कसाऱ्याला गाडी थांबली की एक हलका धक्का बसतो ना, तो बँकर लागल्याचा. बाकीचे प्रवासी वडापाववाल्याला हाका मारत असतात. त्या रविवारी आजोबांना घेऊन मी इगतपुरीच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहिले. एलएचबीची एक गाडी आली. पिवळं जॅकेट घातलेला कर्मचारी बाजूने आला. पाइप सोडवायला त्याला आत वाकावंच लागलं, ते काम कपलरने केलेलं नाही. पण गाडी तेव्हा पूर्ण थांबलेली होती. मग तो बाहेर आला, बाजूला उभं राहून त्याने दांडा उचलला आणि बँकर अलगद मागे सरकले. दोन लोखंडी मुठी एकमेकांतून सुटल्या. आजोबा काही बोलले नाहीत. फक्त स्वतःचे हात मागे बांधून उभे राहिले, ते नेहमी उभे राहतात तसे.

हल्ली काही गाड्यांना बँकर लागतच नाहीत. २०१९ मध्ये सुरू झालेली मुंबई-दिल्ली राजधानी पुढे एक आणि मागे एक अशी इंजिनं लावून घाट चढू लागली. २०२३ मध्ये शिर्डीची वंदे भारत सुरू झाली, तिच्या डब्यांतच मोटारी आहेत. कसाऱ्याला जोडायचंच काही नाही, म्हणजे मध्ये जायचंही नाही. सगळ्यात सुरक्षित जोडणी कुठली, तर जी करावीच लागत नाही ती, असं आजोबांचं मत पडलं.

सोमवारी कॉलेजला परत येऊन मी तक्ता नव्याने केला. वजन, किंमत, वळण्याचा कोन हे रकाने राहिले. पण सगळ्यात डावीकडे दोन नवीन रकाने टाकले. पहिला, समोरच्या टोकाशी ती आपोआप जुळते का. दुसरा, जोडताना माणसाचा हात कुठे असतो. फिफ्थ व्हील, बॉल हिच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन, सगळ्यांसाठी ते भरले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी येऊन माझा पेन थांबला. कारण आपल्या गावागावात आजही एक जण ट्रॉलीचा दांडा उचलून धरतो, ड्रायव्हर ट्रॅक्टर मागे घेतो आणि तो माणूस दोन्हींच्या मध्ये उभा राहून भोकात पिन टाकतो. दीडशे वर्षांपूर्वीचा ब्रेकमन वेगळं काय करत होता? जॅनीचं काम झालं असं वाटत होतं, ते अजून बाकी आहे. आणि ते करायला त्याच्याकडे डिग्रीही नव्हती. आपल्याकडे ती दीड वर्षाने असणार आहे.

सेमिनारला सरांनी विचारलं की हे दोन रकाने कुठल्या पुस्तकातून घेतले. मी आजोबांचं नाव सांगितलं. सर हसले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मार्क किती मिळाले ते विचारू नका.

मित्रांनो, या वर्षी फायनल इयरचे प्रोजेक्ट निवडताना निदान एका ग्रुपने तरी ट्रॉलीच्या पिनचा विचार करावा, एवढंच सांगायचं होतं. बाकी ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मैत्रीण बघून घेईल.